एका शिवीचे चरित्र

इंग्रजीतला 'हूलिगन' आणि आपला 'हुल्लडबाज' हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले, तर कोणालाही ते सख्खे भाऊ वाटतील. प्रत्यक्षात त्यांचे काहीच नाते नाही. इंग्रजी शब्द १८९८ साली लंडनच्या वर्तमानपत्रांत, पोलीस कोर्टाच्या बातम्यांतून एकाएकी डोके वर काढताना दिसतो; त्याचे मूळ कुणा आयरिश आडनावात असावे, असा तर्क आहे. आपला शब्द हुल्लडीतून आला. कुळे वेगळी असली तरी गुण मात्र जुळले आहेत. गुंड एकटा असू शकतो, मवाली एकटा असू शकतो. हुल्लडबाज म्हटला की त्याच्या पाठीमागे पाचपन्नास माणसे उभी असावीच लागतात. आणि ती पाचपन्नास कोण, त्यांतल्या कोणी नेमके काय केले, हे सांगण्याची जोखीम बोलणाऱ्याच्या अंगावर येत नाही. एका दमात शेकडो माणसांना द्यावी आणि कोणी पुरावा मागू नये, अशी ही शिवी आहे.

तिचे चरित्र लिहावे असे मनात आले, ते तीन पुस्तके लागोपाठ वाचल्यामुळे. तिन्ही इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या प्रेक्षकांविषयी आहेत. एक अमेरिकन संपादकाचे, एक शाळामास्तराचे आणि एक न्यायमूर्तींचे. तिसऱ्याला पुस्तक म्हणणे ग्रंथपालांना रुचणार नाही, कारण तो सरकारी अहवाल आहे. पण मी त्याला पहिल्या दोघांच्या पंगतीत बसवणार आहे, आणि पाटही जरा वरचा देणार आहे. सणासुदीच्या अंकात मैदानावरच्या मृत्यूंची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरातून एखादा मुलगा दोस्तांबरोबर सामना पाहायला बाहेर पडतो, त्या प्रत्येक घराशी या विषयाचा संबंध आहे.

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की नजर बंगालकडे किंवा गोव्याकडे वळते. बंगालने याची किंमतही मोजली आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात सोळा प्रेक्षक प्राणास मुकले. पण कोल्हापूरकरांना विचारा! तेथे पेठांच्या आणि तालमींच्या नावाने संघ उतरतात, शाहू स्टेडियमवर हजारोंनी माणसे लोटतात, आणि अधूनमधून सामन्याऐवजी मारामारीचीच बातमी होते. अशी बातमी आली की सुशिक्षित घरांतून जो उद्गार निघतो तो ठरलेला असतो: "बंद करा हे सामने!" दगड मारणारे वीस असोत की दोनशे, उद्गार तोच. हा उद्गार कोठवर जाऊ शकतो, हे पाहायचे असेल तर इंग्लंडकडे जावे लागते. कारण तेथे तो मनातल्या मनात राहिला नाही, त्याचे कायदे झाले आणि कुंपणे झाली.

फुटबॉलवर नाराज होण्याची परंपरा इंग्लंडात फार जुनी आहे. दुसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दीत, १३१४ साली, लंडनच्या महापौराने शहरात हा खेळ खेळण्यास बंदी केली होती. कारण काय, तर गोंगाट होतो. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाराजीला कारणे होती, आणि ती खोटी नव्हती. आगगाडीचे डबे फोडले जात. १९८५ च्या मार्चमध्ये ल्यूटन येथे मिलवॉलच्या पाठीराख्यांनी आसने उपटून ती पोलिसांवर फेकली. त्याच वर्षी २९ मे रोजी ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूल आणि युव्हेन्टस यांच्यातील युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलचे पाठीराखे शेजारच्या भागातील प्रेक्षकांवर धावून गेले. ते प्रेक्षक मागे हटता हटता भिंतीपाशी चेंगरले, भिंत कोसळली, आणि ३९ जण मेले. त्यांतले बहुतेक इटालियन. सामना तरीही खेळवला गेला. इंग्लिश संघांना युरोपीय स्पर्धांतून पाच वर्षे बाहेर ठेवण्यात आले, लिव्हरपूलला सहा.

हे सारे खरे. पण याच महिन्यात, हायझेलच्या अठरा दिवस आधी, ब्रॅडफर्ड येथे लाकडी प्रेक्षागाराला आग लागून ५६ माणसे जळून मेली. तेथे कोणी हुल्लड केली नव्हती. प्रेक्षागाराखाली वर्षानुवर्षांचा कचरा साठला होता. मागची दारे बंद होती. वाचले ते मुख्यतः समोर मैदानात उड्या टाकणारे, कारण तेथे कुंपण नव्हते. एवढे झाल्यावर 'संडे टाइम्स'ने अग्रलेख लिहिला, त्यात खेळाला झोपडपट्टीचा खेळ म्हटले, मैदानांनाही तेच म्हटले, आणि प्रेक्षकांनाही. राखेचा वास अजून गेलेला नव्हता. चेल्सी संघाच्या अध्यक्षांनी तर गुरांच्या कुरणाला लावतात तसले विजेचे कुंपण आपल्या मैदानाला लावून घेतले होते; लंडनच्या परिषदेने त्यात वीज सोडू दिली नाही म्हणून, नाही तर प्रयोग पार पडला असता.

आता पुस्तकांकडे वळू. पहिले बिल ब्यूफर्ड यांचे 'अमंग द थग्ज'. ब्यूफर्ड केंब्रिजला 'ग्रँटा' या वाङ्मयीन नियतकालिकाचे संपादक होते. वेल्समधल्या एका स्टेशनावर फुटबॉलच्या पाठीराख्यांनी भरलेली गाडी त्यांनी पाहिली, आणि ही माणसे आहेत तरी कोण, या कुतूहलाने ते मँचेस्टर युनायटेडच्या पाठीराख्यांत वर्षानुवर्षे मिसळले. १९८४ साली त्यांच्याबरोबर ट्युरिनला गेले. शेवटी १९९० च्या विश्वचषकाच्या वेळी सार्डिनियात इटालियन पोलिसांच्या लाठ्याही त्यांनी खाल्ल्या. दुरून टीका करणारा हा लेखक नव्हे, हे मान्य केले पाहिजे. गर्दीविषयीचे पांडित्य बहुधा गच्चीत उभे राहून केलेले असते, हेही त्यांनी ओळखले आहे.

पुस्तकाची ताकद एका ठिकाणी आहे: गर्दी सभ्यपणाची रेषा ओलांडते तो क्षण. रस्त्यात मोटारींमधून चालणारा घोळका अजून नुसता घोळका आहे. मग कोठे तरी एक काच फुटते, आणि त्या आवाजाबरोबर सगळ्यांचे पाऊल बदलते. या क्षणात आनंद असतो, नशा असते, असे ब्यूफर्ड सांगतात; आणि ती नशा आपल्यालाही चढली हे लपवीत नाहीत. बेकारी, दारिद्र्य, दारू ही नेहमीची कारणे त्यांना पुरेशी वाटत नाहीत. हा प्रामाणिकपणा थोडा नाही.

आणि तरीही हे पुस्तक मिटताना मला अस्वस्थ वाटले. कादंबरी लिहिणाऱ्याला एक गोष्ट अनुभवाने कळते: खलपुरुष आपल्या पायांनी चालत येतो, त्याला ओढावे लागत नाही. मेहनत पडते ती साध्या माणसाला, जो सामना पाहतो, मुलाला शेंगदाणे घेऊन देतो आणि शेवटच्या गाडीने घरी जातो. ब्यूफर्डांनी ती मेहनत घेतलेली नाही. पानोपानी घामेजलेली, गोंदलेली, बिअरने फुगलेली शरीरे आहेत. ट्युरिनच्या त्या रात्री जे मुकाट्याने परतले असतील, त्यांच्यासाठी मात्र लेखकाची लेखणी थांबत नाही. मौज अशी की, पुस्तकातील मला सर्वांत आवडलेली पाने हाणामारीची नाहीतच. पायऱ्यांवर अंगाला अंग लावून उभी असलेली गर्दी, आपले शरीर आपल्या ताब्यात न राहणे, गोल होण्याच्या क्षणी सगळ्यांचा श्वास एकदम अडकणे, याचे वर्णन त्यांनी फार सुरेख केले आहे. तेथे ते पाहुणे राहत नाहीत. पण लवकरच त्यांना पुन्हा काच फुटण्याचा आवाज हवा असतो, आणि खरे सांगायचे तर वाचकालाही हवा असतो. अशा पुस्तकाचे यश हाच त्याचा दोष आहे.

दुसरे पुस्तक निक हॉर्नबी यांचे 'फीव्हर पिच', १९९२ चे. हॉर्नबी लेखक होण्यापूर्वी इंग्रजी शिकवीत असत, त्यामुळे व्यवसायबंधू म्हणून मला जरा अधिकच जवळचे. हा पक्षपात वाचकांनी वजा करून घ्यावा. पुस्तकाची रचना साधी आहे. प्रत्येक प्रकरणाला एका सामन्याचे नाव आणि तारीख. १९६८ साली, आईवडील विभक्त झाल्यावर, वडील मुलाला कोठे न्यावे हे न कळून आर्सेनलच्या मैदानावर नेतात, आणि तेथून पुढे मुलाचे सगळे आयुष्य सामन्यांच्या तिथीने मोजले जाते. आपल्याकडे म्हातारी माणसे 'प्लेगच्या साली', 'पुराच्या साली' म्हणत, तसे.

हायझेलचे प्रकरण या पुस्तकात आहे, आणि माझ्या मते सबंध विषयावरचे तितके सरळ लिखाण दुसरे नाही. त्या दिवसांत हॉर्नबी परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवीत होते. तो सामना त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिला तो विद्यार्थ्यांसमवेत, आणि त्या विद्यार्थ्यांत इटालियन होते. मास्तर म्हणून त्या खोलीत बसण्याची कल्पना करून पाहावी! त्यांना जी लाज वाटली ती कोणालाही वाटली असती. पण ते पुढे जातात. ते म्हणतात की हायझेलला जे घडले ती काही निराळ्या जातीच्या राक्षसांची करणी नव्हती. समोरच्या गटावर आरडाओरडा करीत धावून जायचे, ते पळाले की हसत परत फिरायचे, हा प्रकार इंग्लंडच्या मैदानांवर वर्षानुवर्षे चालला होता आणि त्याला कोणी फारसे मनावर घेत नव्हते. ब्रुसेल्सला तोच पोरखेळ एका जुनाट भिंतीजवळ, ज्यांना ही रीत ठाऊक नव्हती अशा माणसांपुढे झाला. चाकू नव्हता, बंदूक नव्हती. मृत्यू आले ते ज्याला सगळ्यांनी 'चालायचेच' म्हटले होते त्यातून.

काळ्या खेळाडूंना उद्देशून प्रेक्षक माकडांचे आवाज काढीत, केळी फेकीत. १९८८ साली एका सामन्यात जॉन बार्न्स यांच्या पायाशी केळे येऊन पडले आणि त्यांनी ते टाचेने बाजूला केले, ते छायाचित्र पुढे फार प्रसिद्ध झाले. हॉर्नबी लिहितात की अशा वेळी आपल्या शेजारी ओरडणाऱ्याला गप्प करण्याइतके आपण धिप्पाड नव्हतो. बहुतेक माणसे धिप्पाड नसतात. गर्दीतल्या बहुसंख्यांचे खरे चित्र हे आहे: ते दगड मारीत नाहीत, आणि मारणाऱ्याचा हातही धरीत नाहीत. त्यांना निर्दोष म्हणता येत नाही आणि हुल्लडबाजही म्हणता येत नाही. ब्यूफर्डांना हा माणूस दिसला नाही. हॉर्नबींनी तो आरशात पाहिला.

मग येते १५ एप्रिल १९८९, शेफील्डचे हिल्सबरो मैदान, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा चषकाचा उपांत्य सामना. येथून पुढे मी न्यायमूर्ती टेलर यांचे बोट धरून चालणार आहे. दुर्घटनेच्या चौकशीसाठी त्यांना नेमले होते. अंतरिम अहवाल त्यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिला आणि अंतिम अहवाल १९९० च्या जानेवारीत. अहवालात उपमा नाहीत. आहेत ती मोजमापे, वेळा, दारे.

लिव्हरपूलच्या उभ्या प्रेक्षकांसाठी लेपिंग्ज लेनच्या बाजूला १०,१०० तिकिटे होती, आणि त्यांच्यासाठी आत जाण्याची फिरती फाटके होती सात. चौथीच्या मुलाला भागाकार घालावा: एका फाटकाला चौदाशेंहून अधिक माणसे. पाच पाच सेकंदांना एक माणूस विनाअडथळा आत गेला, तरी दोन तास लागतात. लोक उशिरा आले, पिऊन आले, बिनतिकीट आले, असे पुढे वर्षानुवर्षे सांगितले गेले. टेलरांनी फाटके मोजली. बाहेर गर्दी तुंबली, जीव गुदमरू लागले, तेव्हा २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांच्या हुकमाने 'सी' हे मोठे दार उघडण्यात आले. समोरच बोगदा होता. तो मधल्या दोन कप्प्यांत जाई आणि ते कप्पे आधीच खच्चून भरले होते. बोगद्याचे तोंड बंद करून लोकांना कडेच्या मोकळ्या कप्प्यांकडे वळवावे, एवढेच करायचे होते. ते कोणी केले नाही.

या कप्प्यांना इंग्रजीत 'पेन' म्हणत. पेन म्हणजे गुरांचा कोंडवाडा. समोर उंच जाळीचे कुंपण, बाजूंनाही कुंपण. मैदानात उतरण्यासाठी जाळीत लहान दरवाजे होते, पण वरिष्ठांच्या आज्ञेवाचून ते उघडायचे नाहीत असा पोलिसांना हुकूम होता. माणसे चेंगरून जाळीवर चढू लागली तेव्हा काही पोलिसांनी त्यांना परत आत ढकलले. कारण त्यांना वाटले, मैदानावर धाव घ्यायला निघाले आहेत. या एका वाक्यावर मी पुष्कळ वेळ थांबलो. तो पोलीस दुष्ट नसेल. तो शिकवल्याप्रमाणे वाचीत होता. जाळीवर चढणारा मनुष्य म्हणजे हुल्लडबाज, एवढाच अर्थ त्याच्या शब्दकोशात होता. तोंड निळे पडलेले होते, पण कोशात त्याला शब्द नव्हता.

३ वाजून ६ मिनिटांनी पंचाने खेळ थांबवला. त्या दिवशी ९४ जण मेले, पंचाण्णववा चार दिवसांनी, शहाण्णववा चार वर्षांनी आणि सत्त्याण्णववा २०२१ साली. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. माणसे मरत असतानाच बंदोबस्ताचे प्रमुख अधिकारी डेव्हिड डकनफील्ड यांनी फुटबॉल असोसिएशनच्या मंडळींना सांगितले की लोकांनी दार फोडून आत घुसखोरी केली. दार त्यांच्याच हुकमाने उघडले होते. चौथ्या दिवशी 'द सन' या वृत्तपत्राने पहिल्या पानावर 'सत्य' असा मथळा देऊन छापले की लिव्हरपूलच्या लोकांनी प्रेतांचे खिसे कापले आणि मदत करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली. ही माहिती पोलीस अधिकाऱ्यांच्या आणि एका खासदाराच्या तोंडून एका वृत्तसंस्थेमार्फत आली होती. लिव्हरपूलमध्ये ते वृत्तपत्र आजही पुष्कळ लोक हातात धरीत नाहीत.

देशभर ही बातमी पटली, ती का? संपादकाच्या शैलीमुळे नव्हे. वाचकाच्या मनात ते चित्र आधीच टांगलेले होते, संपादकाने फक्त खाली नावगाव लिहिले. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने सर्व मृतांच्या रक्तात मद्य शोधले, आणि त्या मृतांत मुलेही होती. दहा वर्षांच्या मुलाच्या रक्तात दारू शोधावी असे एका सुशिक्षित, कायदा जाणणाऱ्या माणसाला वाटले, हे मी कादंबरीत लिहिले असते तर प्रकाशकाने खोडले असते.

टेलरांचे मोठेपण येथे आहे. सारा देश एक गोष्ट सांगत असताना या गृहस्थाने अवघ्या चार महिन्यांत लिहून दिले की मुख्य कारण पोलिसांच्या नियंत्रणातील अपयश हे आहे, आणि दार फोडल्याची कथा खरी नाही. तरीही १९९१ च्या ज्यूरीने 'अपघाती मृत्यू' असा निर्णय दिला. घरच्या माणसांनी हट्ट सोडला नाही. २०१२ साली स्वतंत्र समितीने कागद उघडले तेव्हा दिसले की पोलिसांच्या १६४ जबान्या बदलण्यात आल्या होत्या, आणि त्यांतल्या ११६ जबान्यांतून पोलिसांना प्रतिकूल मजकूर काढलेला किंवा फिरवलेला होता. म्हणजे येथेही संपादन झाले होते! २६ एप्रिल २०१६ रोजी नव्या ज्यूरीने सांगितले की हे मृत्यू बेकायदा घडवलेले होते, आणि प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यात दोष नव्हता. डकनफील्ड यांच्यावर पुढे खटला झाला. २०१९ साली ते निर्दोष सुटले. सत्तावीस वर्षांत कित्येक आईबाप निकाल न ऐकताच गेले.

टेलरांच्या अंतिम अहवालानंतर कुंपणे निघाली आणि मोठ्या मैदानांवर सर्वांना आसने मिळाली. तिकिटे मात्र पुढे अशी महागली की हुल्लडबाजाबरोबर पायऱ्यांवरचा गरीब पोरगाही बाहेर राहिला. टेलरांना हे अभिप्रेत नव्हते.

हुल्लड संपली असे मात्र कोणी समजू नये. ११ जुलै २०२१ रोजी वेम्ब्लीवर युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्याला सुमारे दोन हजार माणसे तिकिटाशिवाय घुसली, फाटकांवर हाणामारी झाली, आणि पेनल्टी हुकलेल्या तिघा काळ्या तरुणांवर समाजमाध्यमांतून घाण ओतली गेली. या लोकांना मी हुल्लडबाज म्हणेन, त्याहून कडक शब्द सापडला तर तोही वापरीन. वर्गात शीळ घालणाऱ्या मुलाला हुडकून काढणे हे मास्तराचे कामच आहे. अख्ख्या रांगेला बाकावर उभे करणे ही त्या कामाची चुकवाचुकवी असते, हे रांगेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते.

वेम्ब्लीनंतर वर्षभरातच, २८ मे २०२२ रोजी, पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्सवर लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद यांचा युरोपीय अंतिम सामना होता. लिव्हरपूलचे लोक वेळेआधी कितीतरी तास येऊन अरुंद वाटांत अडकून पडले. दारे बंद होत होती, बायकामुलांसह उभ्या असलेल्या लोकांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी सांगून टाकले की तीस ते चाळीस हजार इंग्रज बनावट तिकिटे घेऊन किंवा तिकिटावाचून आले होते. फाटकांवर पकडली गेलेली बनावट तिकिटे तीन हजारही भरली नाहीत. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत चौकशी अहवाल आला, त्याने मुख्य जबाबदारी सामना भरवणाऱ्या युरोपीय संघटनेवर ठेवली आणि म्हटले की पोलिसांनी सगळी तयारी केली होती ती नसलेल्या हुल्लडबाजांशी लढण्याची. कोणी मेले नाही ते केवळ नशिबाने, असाही त्याचा आशय होता. त्या रात्री सामना अर्ध्या तासाहून अधिक उशिरा सुरू झाला. मैदानातल्या मोठ्या फलकावर अक्षरे झळकत होती, की प्रेक्षक उशिरा आल्यामुळे खोळंबा झाला आहे. कुंपणाबाहेर हातात तिकिटे धरून उभ्या असलेल्या त्या प्रेक्षकांत, हिल्सबरोच्या कोंडवाड्यातून जिवंत बाहेर आलेली माणसेही होती.